सालाझार सगळ्यांना माहिती, सोआरेस कुणालाच नाही

१९ डिसेंबर आला की गोवा मुक्तीवर पोस्टींचा पाऊस पडतो, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला यथेच्छ शिव्या घालून होतात. घाला, माझी काही हरकत नाही. पण १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात गेलं तरी पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं थेट ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीत. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि त्यांचा होता मारियो सोआरेस, जो पुढे १० वर्षं त्यांचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणा हाच होता. तरी नाव घेतलं की लोक विचारतात कोण हा, फुटबॉलवाला का?

सालाझारच्या ज्या पोलिसांनी गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक, आपल्या मोहन रानडेंना पार १९६९ पर्यंत तिकडच्या तुरुंगात ठेवलं, त्याच पोलिसांनी सोआरेसला १२ वेळा उचललं. लग्न झालं तेव्हासुद्धा गडी आतच होता. १९६८ ला आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हद्दपार, नंतर फ्रान्समध्ये वनवास, १९७३ ला जर्मनीत बसून पक्ष काढला आणि २५ एप्रिल १९७४ ला लष्कराने हुकूमशाही उलथवल्यावर तीनच दिवसांत ट्रेनने लिस्बनला हजर.

आता खरी गंमत पुढे आहे. हा समाजवादी, पण १९७५ मध्ये कम्युनिस्ट देश ताब्यात घेणार असं वातावरण झालं तेव्हा रस्त्यावर उतरून त्यांना सगळ्यात जास्त नडला तो हाच. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री किसिंजर, त्याने तर ह्याला तोंडावर सांगितलं होतं की तुझा केरेन्स्की होणार, म्हणजे १९१७ ला रशियात कम्युनिस्टांनी ज्याची सत्ता उलथवली तो. नाही झाला. पंतप्रधान झाला, तिजोरी रिकामी म्हणून आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) दारात दोनदा कर्जासाठी गेला, लोकांचे पगार आवळले, युरोपीय समुदायात जायचा करार १९८५ ला सही केला आणि त्याच वर्षी पक्ष निवडणुकीत आपटला. १९८६ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा सुरुवातीच्या सर्व्हेत ८ टक्क्यांच्या आसपास, लोक हसत होते. पहिल्या फेरीत २५ टक्के, समोरचे उजवे फ्रेइतास दो अमाराल ४६ वर. संपला विषय, असंच कुणालाही वाटेल ना?

पण कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत म्हणून दुसरी फेरी झाली, आणि इथे ज्या कम्युनिस्टांना ह्याने १० वर्षांपूर्वी पाणी पाजलं त्यांच्याच मतांवर सगळं अडलं. त्यांचा नेता अल्वारो कुन्याल, त्याने कार्यकर्त्यांना काय सांगावं, की मतपत्रिकेवरचा सोआरेसचा फोटो एका हाताने झाका आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारा 😄 मारला लोकांनी! ५१ टक्के घेऊन दीड लाखापेक्षा कमी मतांनी निवडून आला, ६० वर्षांत पहिला बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष. निवडून आल्यावर पक्षाचं सदस्यत्व सोडलं, एकेका भागात मुक्काम ठोकून तिथूनच कारभार बघायचा, १९९१ ला परत उभा राहिला तर ७० टक्के मतं.

साधुसंत अजिबात नव्हता हं. अंगोला, तिमोर ह्या पोर्तुगालच्या वसाहती घाईत वाऱ्यावर सोडल्या, ५ लाखांवर माणसं आफ्रिकेतून घरदार टाकून पळून आली, त्यातले बरेच जण त्याला शेवटपर्यंत गद्दार म्हणायचे. मला तो सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणं पटत नाही, आफ्रिकेतल्या वसाहतींत १३ वर्षं लढून सैन्यच थकलेलं, ते लढायला तयार नाही म्हटल्यावर परराष्ट्रमंत्री काय करणार. पण तिमोर इंडोनेशियाने गिळला, ते झालंच. आणि २००६ ला ८१ व्या वर्षी पुन्हा उभं राहायची काय गरज होती राव, तिसरा आला, १४ टक्के मतं. आपल्याकडच्या नेत्यांनाही कुठे थांबायचं कळत नाही म्हणा.

७ जानेवारी २०१७ ला तो गेला तेव्हा पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अंतोनियो कोस्टा, म्हणजे आपले मूळचे गोंयकारच, भारत दौऱ्यावर होते. अंत्यविधीला परत गेले नाहीत म्हणून तिकडे टीका झाली. मला विचाराल तर थांबले तेच बरं केलं. भारताशी तुटलेलं नातं ज्या माणसाने जोडलं त्याला ह्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं!