लेकरं सांगत का नाहीत, हे कोणी विचारणार आहे का?

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माध्यमिक शाळेवर शिकवते. दरवर्षी एम.एड. किंवा पीएच.डी. करणारं कुणीतरी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन शाळेत येतं. अलीकडे विषयही ठरलेलाच असतो: 'माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या सायबर सुरक्षाविषयक जाणीवजागृतीचा अभ्यास.' मुख्याध्यापक एक तास देतात, मी गठ्ठा वाटते.

प्रश्न असे असतात. पासवर्ड दुसऱ्याला सांगावा का? अनोळखी माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारावी का? होय किंवा नाही. लेकरं काही दुधखुळी नाहीत. मॅडम समोर उभ्या, शेजारी मैत्रीण डोकावतेय, वर नाव आणि हजेरी क्रमांक लिहायला लावलाय. सगळी पटापट 'नाही'वर खूण करून मोकळी होतात. पुढे सरासरी, प्रमाण विचलन, टी-मूल्य आणि शेवटी शिफारस की जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत. त्या कार्यक्रमात परत तेच सांगतात, पासवर्ड कोणाला देऊ नका.

संशोधन करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. गाइड जे म्हणेल ते करावं लागतं, नोकरीचा प्रश्न असतो. पण यातून लेकरांना परीक्षेत काय लिहायचं ते कळतं का, एवढंच मोजलं जातं. मला वेगळं काही जाणून घ्यायचंय. फोनवर काही वाईट घडलं तर तू कोणाला सांगशील? आणि सांगितल्यावर तुझं काय होईल?

जगात हा प्रश्न नीट विचारून झालाय. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक सोनिया लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली 'ईयू किड्स ऑनलाइन' या प्रकल्पाने २०१० मध्ये युरोपातल्या २५ देशांत ९ ते १६ वयाच्या पंचवीस हजारांवर मुलांशी बोलून सर्वेक्षण केलं. घरी जाऊन, प्रत्येक मुलामागे एका पालकालाही विचारून. नाजूक प्रश्न आले की कागद नाहीतर कॉम्प्युटर मुलाच्या हातात द्यायचा, उत्तर आईबापाला दिसता कामा नये आणि विचारणाऱ्यालाही. नंतर मुलाचं उत्तर आणि पालकाचं उत्तर शेजारी ठेवून पाहिलं. ज्या मुलांना ऑनलाइन त्रास देणारे, अपमान करणारे मेसेज आले होते, त्यांच्यातल्या ५६ टक्के मुलांचे पालक म्हणत होते, आमच्या लेकराला असं काही झालेलं नाही. नेटवर ओळख झालेल्याला जी मुलं प्रत्यक्ष भेटून आली, त्यांच्यात हेच प्रमाण ६१ टक्के. ही युरोपातली घरं आहेत, जिथे आईबाप रात्री लेकराशेजारीच असतात.

आता आमच्याकडे या.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, ठरलेला असतो. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्याला जातात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात, बरीचशी आज्जीपाशी. घरात एक स्मार्टफोन ठेवलेला असतो, कारण मायला रात्री लेकराचा आवाज ऐकायचा असतो. तो फोन चालवता येतो फक्त लेकराला. आज्जीला हिरवं बटण माहीत, बस्स. अशा घरात 'पालकांच्या देखरेखीखाली मोबाइल वापरावा' हे वाक्य कोणासाठी लिहिलंय ते मला समजत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती मागितली आहे. कायदा ठीकच आहे. पण आमच्याकडे बापाच्या नावाचं सिम, त्यावरचा ओटीपी आणि तो टाकणारं बोट, सगळं त्या नववीतल्या पोराच्याच हातात.

'असर' या 'प्रथम' संस्थेच्या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, म्हणून मला जास्त जवळचा वाटतो. १४ ते १६ वयाची मुलं त्यांनी विचारली. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे माहीत असलेली सुमारे ६२ टक्के. आकडा वाचून मी उलट चकित झाले, बरीच जास्त वाटली. मग माझ्याच वर्गातल्या मुली आठवल्या. ब्लॉक त्यांना सहज करता येतं. पण जो त्रास देतो तो चुलतभावाचा मित्र असतो, नाहीतर रिचार्ज मारणाऱ्याचा भाऊ. त्याला ब्लॉक केलं तर तो एसटी स्टँडवर भेटतोच.

'अनोळखी माणसापासून सावध' हा आपल्या सगळ्या पोस्टरांचा पाया आहे आणि तो मुळातच कच्चा आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या जॅनिस वोलाक, डेव्हिड फिंकेलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवून दिलं होतं की वय लपवून, खोटं नाव सांगून लहान लेकरांना फसवणारा राक्षस ही प्रतिमा फारशी खरी नाही. बहुतेक गुन्हेगार आपण मोठे आहोत हे लपवत नव्हते. विश्वास आणि प्रेमाच्या गोष्टी करूनच ते किशोरवयीन मुलांपर्यंत पोचत होते. नंतर युनिसेफ, इंटरपोल आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणारी एकपॅट ही संस्था यांनी मिळून केनिया, टांझानिया, कंबोडिया, फिलिपिन्स अशा १३ देशांत १२ ते १७ वयाच्या, इंटरनेट वापरणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिथेही त्रास देणारा पुष्कळदा ओळखीचाच निघाला, आणि बऱ्याच लेकरांनी तो प्रकार कोणालाच सांगितला नव्हता. लंडनपेक्षा हे देश मला आमच्या बीडमधल्या धारूर-वडवणीच्या जास्त जवळचे वाटतात. आपल्याकडच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत मात्र ते क्वचितच दिसतात.

लेकरं का सांगत नाहीत? शहरातल्या लेकराला भीती असते की फोन काढून घेतील. आमच्या पोरीला भीती असते की शाळा काढून घेतील आणि लग्न लावून देतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के होतं. हा आकडा आरोग्याच्या आणि बालविवाहाच्या चर्चेत सगळे वापरतात, सायबर सुरक्षेच्या चर्चेत तो मी अजून ऐकला नाही. खरं तर तो तिथे पहिल्या पानावर हवा.

आमच्याकडची एक मुलगी. तपशील मुद्दाम बदलतेय. तिच्या व्हॉट्सॲपच्या डीपीवरून कुणीतरी नको तसा फोटो तयार केला आणि पैसे नाहीतर भेट, असं सुरू केलं. तिने एका मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने आपल्या आईला, आणि मग गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ. घरच्यांनी पोलिसांत जायच्या आधी स्थळ पाहिलं. मला कळलं तेव्हा सुपारी फुटली होती. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन झाला, ग्रामसेवक आले, तक्रारही नोंदली गेली, लग्न थांबलं. त्या मैत्रिणीला मी नंतर विचारलं, तिने मला का सांगितलं नाही गं? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घरी सांगितलं असतंच की." जिचं लग्न थांबलं ती मुलगी शाळेत परत आली नाही. पुढच्या हंगामाला आईबापांबरोबर कारखान्याला गेली.

कुठल्याच प्रश्नावलीत या पोरीसाठी रकाना नाही. 'सायबर सुरक्षेची जाणीव आहे का?' यावर तिने होयच लिहिलं असतं, आणि ते खरं असतं.

सरकारी आकड्यांचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ मध्ये देशभरात मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे १,८२३. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन' या संस्थेकडे मुलांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीविषयी आलेल्या सूचनांपैकी ५६ लाखांहून जास्त भारताशी जोडलेल्या होत्या. लगेच घाबरून जाऊ नका. तिथल्या कंपन्यांना असं काही दिसलं की कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, एकच क्लिप हजारदा फिरली की सूचनाही तितक्या वाढतात, आणि देश बहुतेक वेळा आयपी पत्त्यावरून ठरतो. म्हणजे ५६ लाख हा शोषण झालेल्या लेकरांचा आकडा नाही. पण १,८२३ हाही नाही. या दोन्हींच्या मधे काय आहे ते शोधायला माणसं गावात बसवावी लागतील.

इथे संशोधकांची एक खरी अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणजे संशोधकाने खरा प्रश्न विचारला आणि लेकराने खरं उत्तर दिलं, तर गुप्ततेचं वचन मोडावं लागणार. म्हणून अनेक जण तो प्रश्नच टाळतात असा माझा अंदाज आहे. पासवर्डवर विचारलेलं बरं, त्यात कोर्टकचेरी नाही.

पोरांविषयी तर कोणी बोलतच नाही. आपल्या पोस्टरांवर पोरगा एकतर दिसत नाही किंवा गेममध्ये पैसे घालवणारा दिसतो. वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकणारा सोळा वर्षांचा पोरगाही लेकरूच आहे, आणि तो फोटो अश्लील असेल तर मुलांच्या लैंगिक सामग्रीबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब त्यालाही लागू शकतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांची अशी सामग्री नुसती जवळ बाळगण्याबाबतही कडक निकाल दिला. आमच्या दहावीच्या पोरांना यातलं ओ की ठो माहीत नाही. फॉरवर्ड केलं म्हणजे आपण काही केलं, असं त्यांना वाटतच नाही.

खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, फोनच काढून घ्या. झालंय करून. पैनगंगेपलीकडे पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं बंद केलं. भोंगा मला आवडतो, कारण त्यात मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. बंदीने मात्र माझ्या वर्गातल्या पोरीची मायशी होणारी रात्रीची गाठ तुटेल, आणि चोरून वापरताना काही झालं तर सांगायची उरलीसुरली वाटही बंद होईल.

तर पुढच्या वेळी प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांना विनंती. नाव, हजेरी क्रमांक लिहायला लावू नका. मला वर्गाबाहेर काढा. पोलिसांना काय कळवावं लागेल ते लेकरांना आधीच साध्या शब्दांत सांगा, आणि यायच्या आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून ठेवा, म्हणजे कोणी बोललंच तर तिला नेमकं कुठे न्यायचं ते ठरलेलं असेल. एक प्रश्नावली टोळीबरोबर गेलेल्या आईबापांसाठीही काढा आणि कारखान्यावर जाऊन भरून घ्या. त्यात एकच प्रश्न असला तरी चालेल: पोरीने असं काही सांगितलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? वसतिगृहाच्या परवानगीसाठी मी मुख्याध्यापकांशी बोलते. डिसेंबर-जानेवारीत या, नंतर दहावीच्या परीक्षेमुळे तास मिळणार नाही.