डेस्ट्रोचा मुखवटा त्याच्यावर लादू नका

जी.आय. जो या अमेरिकी खेळण्यांचा, कार्टूनचा विषय निघाला की लोक आधी स्नेक आइजचं नाव घेतात, मग स्टॉर्म शॅडोचं, मग कोब्रा कमांडरचं. डेस्ट्रोचा नंबर बराच मागे लागतो, आणि तोही "तो चांदीच्या तोंडाचा ना?" एवढ्यापुरता. हे मला कितीतरी वर्षं खटकतंय, म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझ्या मते त्या अख्ख्या गोतावळ्यातला सगळ्यात खरा खलनायक डेस्ट्रोच आहे. आणि कार्टूनवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी सगळ्यात जास्त वाटोळंही त्याचंच केलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅस्ब्रो कंपनीने 1964 साली काढलेला जी.आय. जो म्हणजे बारा इंची बाहुला होता. 1982 मध्ये त्यांनी तो नव्याने आणला, या वेळी पावणेचार इंचाच्या फिगर्समध्ये, आणि सोबत 'कोब्रा' नावाची शत्रू संघटना दिली, तिचा म्होरक्या कोब्रा कमांडर. पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, डेस्ट्रो आला. अंगात काळा पोशाख, छाती उघडी, उंच लाल कॉलर, गळ्यात लाल खड्याचं पदक, मनगटावर छोटी रॉकेट्स. आणि डोकं संपूर्ण क्रोमचा मुलामा दिलेलं. बाकीच्या फिगर्सच्या चेहऱ्यावर साधा रंग, याचं डोकं मात्र आरशासारखं लखलखीत. खेळून खेळून तो मुलामा आधी नाकाच्या शेंड्यावरून जायचा, मग भुवयांवरून, मग गालफडांवरून, आणि आतलं प्लॅस्टिक डोकवायला लागायचं. म्हणून जुना डेस्ट्रो विकत घेताना संग्राहक पहिल्यांदा नाक बघतात. त्याच्या पाठीवरची पेटी उघडायची आणि आत शस्त्रांचे भाग नीट बसवलेले असायचे. सैनिकाच्या पाठीवर दारूगोळा असतो. या माणसाच्या पाठीवर नमुन्यांची बॅग आहे, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याकडे असते तशी. ज्याने कोणी ती पेटी डिझाइन केली त्याला हे पात्र पुरतं कळलं होतं.

आपल्याकडे ही खेळणी फनस्कूलने आणली. एमआरएफची कंपनी, गोव्यात कारखाना. फिगरच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर, मागच्या बाजूला पात्राची माहिती छापलेली असायची, आणि माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी इंग्रजी वाचायची गोडी त्या चार-सहा ओळींतून लावून घेतली. आईवडिलांना वाटायचं पोरगं बंदुकांशी खेळतंय. पोरगं वाचत असायचं!

ही माहिती, म्हणजे फाइल कार्ड्स, मुख्यतः लॅरी हामा यांनी लिहिली. मार्व्हलचं जी.आय. जो कॉमिकही त्यांनीच लिहिलं. 1982 ते 1994, 155 अंक, त्यातले बहुतेक सगळे त्यांचे. हामा स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात होते, आणि ते लिखाणात जाणवतं. डेस्ट्रोच्या कार्डावर त्यांनी जे लिहिलं ते मुलांच्या खेळण्यावर छापलं गेलं, याचं मला आजही नवल वाटतं. हा माणूस मार्स नावाच्या शस्त्रनिर्मिती कंपनीचा मालक आहे. लढाया पेटवायच्या आणि जो जास्त बोली लावेल त्याला शस्त्रं विकायची, हा त्याचा धंदा. युद्ध ही माणसाची नैसर्गिक अवस्था आहे असं तो मनापासून मानतो. जी.आय. जोच्या, म्हणजे कोब्राविरुद्ध लढणाऱ्या तुकडीच्या, कौशल्याबद्दल त्याला आदर आहे. राग आहे तो या गोष्टीचा की एवढं कौशल्य ते शांतता राखण्यात वाया घालवतात.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे खलनायक पुष्कळ असतात. पण हा ते लोणी ताटात वाढून, नॅपकिन लावून, सभ्यपणे खातो. कोब्रा कमांडर ओरडतो, चिडतो, डाव फसला की पळ काढतो. डेस्ट्रो दिलेला शब्द पाळतो, शत्रूचा मान ठेवतो, कोब्रातल्याच बॅरोनेसवर खरं प्रेम करतो. आणि त्याच्या कारखान्यातून निघालेल्या मालाने रोज माणसं मरतात. सभ्यपणा आणि हा व्यापार एकाच माणसात, एकमेकांना जराही धक्का न लावता नांदतात, हीच त्याची दहशत.

आता मुखवट्याकडे येते, कारण माझं भांडण तिथेच आहे.

मूळ कथेत डेस्ट्रो स्कॉटलंडच्या मॅककलन घराण्यातला. चोविसावा जेम्स मॅककलन डेस्ट्रो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, क्रॉमवेलच्या काळात, त्याच्या एका पूर्वजाला दोन्ही बाजूंना शस्त्रं विकताना पकडलं गेलं आणि शिक्षा म्हणून त्याच्या चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा चढवला. लोकांनी बघावं, छी-थू करावी, यासाठी. या घराण्याने काय केलं? मुखवटा टाकून दिला नाही, लपवलाही नाही. पुढच्या पिढीने तो आपणहून घातला. त्याच्या पुढच्यानेही. बापाकडून मुलाकडे जसा वाडा जातो, जमीन जाते, तसा मुखवटा जात राहिला. शिक्षा म्हणून काढलेल्या धिंडीची या लोकांनी मिरवणूक केली.

याहून भेदक पार्श्वभूमी मला तरी खेळण्यांच्या दुनियेत दुसरी सापडलेली नाही. इतर मुखवटेवाले तोंड लपवायला मुखवटा घालतात. डेस्ट्रोला लपवायचं काहीच नाही. आमच्या घराण्याने दोन्हीकडे माल विकला, पकडले गेलो, आणि आजही विकतोय, हे तो चेहऱ्यावर घेऊन फिरतो आणि तरीही राजेरजवाडे त्याला जेवायला बोलावतात, कारण माल सगळ्यांनाच हवा असतो. त्याला माफी नको आहे, कोणी समजून घ्यावं अशी अपेक्षाही नाही.

आणि हे काही कल्पनेतलं जग नाही. बॅसिल झहारॉफ हा खराखुरा शस्त्रविक्रेता. 1886 च्या सुमारास नॉर्डनफेल्ट या शस्त्र कंपनीची पाणबुडी त्याने ग्रीसला विकली. मग तुर्कस्तानला जाऊन ग्रीसकडे पाणबुडी आल्याची भीती घातली आणि त्यांना दोन विकल्या. त्या पाणबुड्या धड चालतही नव्हत्या. याच झहारॉफला पुढे ब्रिटनने 'सर' करून गौरवलं. डेस्ट्रोची गोष्ट अतिरंजित वाटणाऱ्यांनी झहारॉफबद्दल जरूर वाचावं.

मग बिघडलं कुठे? पहिल्यांदा कार्टूनमध्ये. 1983 ची पहिली छोटी मालिका आणि 1985 पासूनची मोठी मालिका मीही आवडीने बघितली आहे. आर्थर बर्गहार्टचा तो खोल, घुमणारा आवाज म्हणजे निव्वळ मेजवानी. डेस्ट्रोने नुसतं "कमांडर" म्हटलं तरी त्यात समोरच्याची अक्कल काढलेली ऐकू यायची. पण त्या कार्टूनमध्ये कोणी मरत नाही. लाल आणि निळ्या लेझरच्या रेघा सुटतात, कोणाला लागत नाहीत. विमान फुटलं की पॅराशूट उघडलंच. 1987 च्या अ‍ॅनिमेटेड चित्रपटात जी.आय. जोमधल्या ड्यूकच्या छातीत कोब्राच्या सर्पेंटरचा भाला घुसतो. त्याचा मृत्यू ठरलेला होता, पण आदल्या वर्षी ट्रान्सफॉर्मर्सच्या चित्रपटात नायक ऑप्टिमस प्राइम मेल्यावर मुलांनी एवढा आकांत केला की इथे संवाद बदलून ड्यूक कोमात गेल्याचं सांगितलं.

मुलांसाठी ते योग्यच असेल. पण डेस्ट्रोचं काय होतं बघा. ज्या जगात शस्त्राने कोणी मरत नाही, त्या जगातल्या शस्त्रविक्रेत्याला अर्थ काय उरला? तो विचित्र यंत्रं बनवणारा एक तंत्रज्ञ होऊन जातो. याउलट हामांच्या कॉमिकमध्ये 1991 च्या एका अंकात जी.आय. जोचा डॉक, जो डॉक्टर आहे आणि हिंसेच्या विरोधात आहे, तो पकडला गेलेला असताना साथीदारांसकट गोळ्या घालून मारला जातो. तिथे गोळीला वजन आहे. म्हणूनच तिथे गोळ्या विकणाऱ्यालाही वजन आहे.

कार्टूनने घराण्याचाही घोळ घातला. स्कॉटलंडमधला किल्ला जी.आय. जोमधल्या लेडी जेच्या वारशात येतो तो भाग आठवा. तळघरात भयंकर प्राणी, त्याची पूजा करणारे पूर्वज. भुताटकी आणली की पाप सोपं होतं! त्या घराण्याला राक्षसाची गरजच नाही, हिशेबाची वही पुरे आहे.

आणि मग 2009 चा 'द राइज ऑफ कोब्रा'. या चित्रपटाची सुरुवात बघून माझ्या अंगावर काटा आला होता. 1641, फ्रान्स. दोन्ही बाजूंना शस्त्रं विकल्याबद्दल जेम्स मॅककलनच्या चेहऱ्यावर तापवलेला मुखवटा चढवला जातो. देश बदलला असला तरी गाभा तोच. पुढे ख्रिस्तोफर एकल्स्टनसारखा ताकदीचा नट आजचा मॅककलन म्हणून समोर येतो. नाटोच्या पैशाने बनवलेले नॅनोमाइट (अतिसूक्ष्म यंत्रांचे) बॉम्ब नाटोलाच विकतो आणि स्वतःच्या माणसांकडून परत चोरवतो. एका मालाचे दोनदा पैसे. हा अस्सल डेस्ट्रो! मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

शेवटी काय? पळून जाताना त्याचा चेहरा भाजतो, डॉक्टर, म्हणजे पुढचा कोब्रा कमांडर, त्याच्यात नॅनोमाइट्स सोडतो, आणि चेहरा आपोआप चांदीचा होतो. वर तो कमांडरच्या ताब्यात जातो. म्हणजे साडेतीनशे वर्षं जो मुखवटा या घराण्याने हौसेने घातला, तो याला अपघातात मिळाला. ज्याचं कमांडरशी नातं गिऱ्हाईक आणि पुरवठादाराचं, बरोबरीचं, तो हुकुमाचा ताबेदार झाला. पहिला प्रसंग ज्याने लिहिला त्याने शेवटचा लिहिला यावर माझा विश्वासच बसत नव्हता. 2013 च्या दुसऱ्या भागात तर त्याला तुरुंगातल्या नळकांड्यात ठेवून कमांडर निघूनच जातो. एक टोमणा, आणि विषय संपला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र हॅस्ब्रोबद्दल सांगायला हवी. दुकानाच्या एकाच फळीवर जो आणि कोब्रा शेजारी टांगलेले असायचे, दोघांच्याही हातात त्याच कंपनीच्या बंदुका. भावाला जो घेतला की धाकट्याला कोब्रा घ्यावाच लागतो, नाहीतर खेळ कसा होणार? 1988 मध्ये डेस्ट्रोला सोनेरी मुखवटा आणि आयर्न ग्रेनेडियर्स नावाची स्वतंत्र फौज मिळाली, म्हणजे घ्यायला तिसरी बाजूही तयार. हे मी टीका म्हणून म्हणत नाही, मीही त्याच फळीसमोर हट्ट धरलाय. पण त्या कंपनीतल्या लोकांना डेस्ट्रो नीट समजायला काहीच अडचण नसावी.

2024 मध्ये स्कायबाउंड या कॉमिक प्रकाशकाने डॅन वॉटर्सच्या लेखणीतून डेस्ट्रोला पाच अंकांची स्वतःची मालिका दिली. कारखाना, सौदे, स्पर्धक हे पुन्हा मध्यभागी आलेलं बघून बरं वाटलं. कॉमिकवाल्यांना तो अजून कळतो.

पुढेमागे पुन्हा सिनेमा होईलच, तेव्हा माझी मागणी आत्ताच लिहून ठेवते. भाजलेला चेहरा नको, रोग नको, प्रयोग नको. एक बैठक दाखवा. दोन शत्रू देशांचे मंत्री, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांचा पत्ता नसलेले. आतल्या खोलीत एक धडधाकट, देखणा माणूस टाय सारखा करतो, पेटीतून मुखवटा काढतो, रुमालाने पुसतो आणि स्वतःच्या हाताने चढवतो. मग पहिल्या खोलीत जाऊन भाव सांगतो, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन त्याहून थोडा जास्त.