लसणीने डास हटत नाहीत, करवंट्या आधी उचला

पाऊस लागला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. रोज कच्ची लसूण आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खा, डास जवळ येत नाहीत. गोड बंद करा, कारण डासांना गोड रक्त आवडतं. गुडघ्यापर्यंत खोबरेल चोळा, डेंगीचा डास त्याच्या वर उडतच नाही. यंदा तो वाचून शेजारच्या काकूंनी नातवाची मच्छरदाणी माळ्यावर टाकली, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी लसूण. डास आपल्याला शोधतात ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत त्याच माणसांना एकदा लसूण आणि एकदा लसूण नसलेली गोळी दिली, कधी काय दिलं ते न सांगता. चावण्यात फरक दिसला नाही. बी-१ ची गोष्ट १९४० च्या दशकातली. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. पोटात घेऊन डास पळवणारी औषधं परिणामकारक नाहीत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८५ मध्येच ठरवलं.

गोड रक्ताचं म्हणाल, तर चावते फक्त मादी, आणि तिला रक्तातून हवी असतात अंड्यांसाठी प्रथिनं. साखर तिला फुलांच्या मधातून मिळते. नर तर त्यावरच जगतो. आहाराचा संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. बुर्किना फासोमधल्या २०१० च्या अभ्यासात बिअर प्यायलेल्यांकडे मलेरिया पसरवणारे डास जास्त ओढले गेले. पण हे ओढ वाढल्याचं उदाहरण झालं. गोड सोडल्याने डास सोडतात, याला आधार नाही.

खोबरेलात थोडं तथ्य आहे. त्यातून वेगळ्या काढलेल्या स्निग्धाम्लांनी डास दूर राहतात, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं. नुसत्या तेलाने मात्र नाही. आणि एडिस, म्हणजे डेंगीचा डास, दंडाला, मानेलाही चावतो. इमारतीच्या वरच्या मजल्यांवरही तो सापडतो.

मेसेजात आपल्या खाण्याबद्दल एवढं लिहिलंय, अळ्यांच्या खाण्याबद्दल अक्षर नाही. मला खरी तळमळ त्याची आहे. काकूंच्या मागील दारी, न्हाणीच्या चुलीसाठी ठेवलेल्या करवंट्यांचा ढीग होता. एक उचलून पाहिली. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, कडेला खवताना राहिलेलं खोबरं मऊ पडलेलं, तळाला कुजकं पान. पाण्याच्या वरच्या थराला अळ्या उलट्या लटकलेल्या. हाताची सावली पडताच वळवळत तळाशी गेल्या. हे कुजकं आणि त्यावरचे जिवाणू हेच त्यांचं अन्न. अंड्यापासून आठ-दहा दिवसांत डास तयार. एडिसची अंडी आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. पोफळीच्या गळलेल्या विऱ्यांतही, म्हणजे झावळीच्या बुडाच्या खोलगट आवरणांतही, असंच पाणी साठतं.

डेंगीच्या रुग्णाला चावलेली मादी साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ लागते, आणि ती चावते दिवसा. म्हणून घरात कुणाला ताप असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीतच ठेवा. नातू दुपारी पडवीत झोपतो, त्यालाही ती हवीच.

काकूंना ती करवंटी दाखवली. त्यांनी स्वतःच मच्छरदाणी खाली काढली. करवंट्या आम्ही दोघांनी पडवीत, पागोळ्यांपासून लांब रचल्या. विऱ्या अजून आगरात पडल्यात, त्या उद्या सकाळी गोळा करणार आहोत.