रेडिएटरचा बोल्ट, दोन फुटी पाइप आणि ग्रुपवरचा सल्ला

ऊन तापू लागलं की गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "रेडिएटर घरीच बदला, अर्ध्या तासात. बंपर खोलायची गरज नाही. इंजिन गरम असताना बोल्ट पटकन सुटतात. नाही सुटला तर पान्याला दोन फुटी पाइप लावा. तरी अडला तर गॅस दाखवा, नाहीतर कोल्ड्रिंक ओता. नवा रेडिएटर गच्च आवळा, बोअरचं पाणी भरा, झालं." रेडिएटर घरी बदलता येतो, एवढं यात खरं आहे. बाकीचे सल्ले पाळले तर नवा रेडिएटर वाया जातो, नाहीतर हात भाजतो.

आधी गरम इंजिनाचं बघू. या समजुतीत थोडं तथ्य आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून ॲल्युमिनियममध्ये रुतलेला लोखंडी बोल्ट कोमट असताना सैल होऊ शकतो. पण रेडिएटरचे आणि पंख्याच्या कव्हरचे बोल्ट बहुतेक पत्र्याच्या क्लिप-नटात किंवा प्लास्टिकमधल्या पितळी बुशात, म्हणजे आटे असलेल्या छोट्या नळीत, बसतात. तिथे गरमीचा काही उपयोग नाही. उलट झाकणाखाली साधारण एक बारचा दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, सैल केला की तेच पाणी उसळून मनगटावर येतं. शिवाय काही गाड्यांत चावी काढल्यावरही विजेचा पंखा सुरू होतो. गाडी दोन-तीन तास थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच हात आत घाला.

आता पाइप. हे बोल्ट बहुतेक १० नंबर पान्याचे, म्हणजे एम-६ (६ मिमी जाडीचे) असतात. ब्रॅकेटचे काही १२ किंवा १३ नंबरचे, एम-८. एम-६ बोल्ट आवळायला १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. दोन फुटी पाइपच्या टोकाला नुसता १० किलोचा भार दिला तरी बोल्टवर ६० न्यूटन-मीटर पडतात, म्हणजे सहापट. मग डोकं तुटतं, नाहीतर पितळी बुश प्लास्टिकमधून गरगर फिरतं, आणि बुश फिरलं की बोल्ट ना निघतो ना बसतो.

अडचणीच्या जागेतले बोल्ट मुख्यतः पाना तिरका बसल्यामुळे खराब होतात. म्हणून आधी जागा करा. हवेचा पाइप आणि फिल्टरचा डबा बाजूला घ्या, गरज असेल तर बॅटरी काढा, खालचं मडगार्ड उतरवा. कंडेन्सरचे (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीचे) बोल्ट समोरून असतील तर बंपर काढावंच लागतं. त्याला लागणारा वेळ तुटलेला बोल्ट ड्रिल करण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. वावरात जाणाऱ्या गाडीत बोल्टच्या डोक्याभोवती काळी माती दगडासारखी बसते. ती तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय गोटी (सॉकेट) पूर्ण खोल बसत नाही. गोटी सहा कोनांचीच घ्या; बारा कोनांची गंजलेल्या डोक्यावर घसरते. पाव इंची रॅचेट, ३, ६ आणि १० इंची एक्स्टेन्शन आणि एक युनिव्हर्सल जॉइंट एवढ्यात बहुतेक कोपरे गाठता येतात. जॉइंट फार वाकवला की गोटी कलंडते, म्हणून त्याच्यावर टेप गुंडाळून तो थोडा कडक करा. अडलेला बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे. खाली कापड अंथरा, म्हणजे पडलेला बोल्ट सापडतो.

मेसेजमध्ये नसलेली आणखी एक गोष्ट. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या खालच्या बाजूला बोल्ट नसतोच. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या खुंट्या रबरी बुशात नुसत्या बसवलेल्या असतात. तिथे बोल्ट शोधत पेचकसाने उचकटलं तर खुंटी तुटते. वरचे ब्रॅकेट सोडले की रेडिएटर सरळ वर उचलला जातो. मात्र एसीचे पाइप सोडू नका. कंडेन्सर रेडिएटरपासून वेगळा करून दोरीने जागेवरच बांधून ठेवा.

गॅस दाखवायचा तर अजिबात नाही. टाकी नायलॉनची असते आणि ते २६० अंशांच्या आसपास वितळतं. गॅसच्या ज्योतीपुढे ते काय टिकणार? शेजारच्या कंडेन्सरमध्ये दाबाखालचा वायू असतो, आणि तो ज्वाळेत गेला की विषारी होतो.

कोल्ड्रिंकमधलं आम्ल फार सौम्य असतं आणि ते आट्यांत झिरपत नाही. मागे साखरेचा चिकटा राहतो आणि त्यावर माती बसते. गंज सोडवायचा स्प्रे मारा, बोल्टच्या डोक्यावर हलक्या हाताने चार ठोके द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा मारा. फार जुना गंज असेल तर आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. स्प्रे नसेल तर डिझेल चालतं, पण होजवर सांडू देऊ नका, रबर फुगतं. एवढं करूनही एम-६ तुटलाच, तर बरोबर मध्यावर पंच मारून ५ मिमीचं ड्रिल आणि एम-६ चा टॅप लावून आटे पाडता येतात.

बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका धरलाय, काढून पुन्हा लावा. मग रॅचेट डोक्याजवळ धरून मनगटाच्या जोरावर आवळा.

बोअरच्या पाण्याचा सल्ला आपल्याकडे सगळ्यात महागात पडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी क्षारांनी भरलेलं आहे. ते ॲल्युमिनियमच्या नळ्यांना आतून खातं आणि त्यांच्यात थर धरतं. कूलंट आणि बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरा. लहान गाडीत एकूण साधारण ४ ते ६ लिटर मावतं. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. डब्यावर ॲसिड लिहिलेलं नाही ना, हे बघूनच बॅटरीचं पाणी घ्या.

जुनं कूलंट घमेल्यात धरा आणि झाकून ठेवा. ते चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री आणि गोठ्यातली जनावरं चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही त्याने मूत्रपिंड निकामी होऊन जनावर मरतं. अंगणात किंवा नालीत ओतू नका.