नौरू फुकट वाटल्यानं बुडालं नाही

भाचीची वक्तृत्व स्पर्धा शुक्रवारी आहे. काल रात्री तिनं एक मेसेज पाठवून विचारलं, "मामा, हे भाषणात शेवटी घेऊ का?" तोच मेसेज. नौरू नावाचं बेट जगात सर्वांत श्रीमंत होतं, सरकारनं सगळं फुकट दिलं, लोक आळशी झाले, हावेपोटी त्यांनी स्वतःचं बेट खणून संपवलं, खाऊन खाऊन मधुमेह लावून घेतला आणि आता भीक मागतात. म्हणून आपल्याकडच्या योजना बंद करा! घरच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला, तेव्हाही मी गप्प होतो. पण नववीतली मुलगी माईकवर हे बोलणार असेल, तर गप्प बसणं चूक आहे.

"स्वतःचं बेट खणलं" हे यातलं सगळ्यांत वाईट वाक्य. प्रशांत महासागरातल्या 21 चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर फॉस्फेटची, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या खनिजाची, खाण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली, जर्मन राजवटीत, ब्रिटिश कंपनीकडून. जमीनमालकाला सुरुवातीला टनामागे मिळायची अर्धी पेनी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मिळून खाण ताब्यात घेतली आणि ते फॉस्फेट बाजारभावापेक्षा स्वस्तात आपापल्या शेतकऱ्यांना पुरवलं. स्वस्ताईचा फायदा झाला तो तिकडे. पुढे बेट राहण्याजोगं उरणार नाही हे दिसल्यावर सगळ्या लोकांनाच क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर हलवायचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियानं दिला. नौरूच्या लोकांनी तो 1964 मध्ये नाकारला. स्वातंत्र्य मिळालं 1968 मध्ये, खाण हातात आली 1970 मध्ये, तीही 2.1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून. या तारखा ओळीनं लावून बघा.

हे माझं मत नाही. नौरूनं 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला, स्वातंत्र्याआधी खणलेल्या जमिनीच्या भरपाईचा. न्यायालयानं 1992 मध्ये ऑस्ट्रेलियाचे बहुतेक आक्षेप फेटाळून खटला पुढे चालवायला मान्यता दिली. निकालापर्यंत वेळच आली नाही. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियानं 10.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड केली.

पैसा उधळला गेला, हे मात्र खरं. स्वातंत्र्यानंतरही खाणकाम जोरात चाललं आणि ते नौरूच्याच सरकारनं चालवलं, हेही मान्य. पण पैसा बुडाला कुठे? न परवडणाऱ्या विमानकंपनीत, लंडनमध्ये 1993 साली काढलेल्या आणि आपटलेल्या संगीत नाटकात, फसलेल्या गुंतवणुकींत, कर्जात. मेलबर्नमधली 52 मजली इमारतही शेवटी विकावी लागली. हे निर्णय मूठभर पुढाऱ्यांचे होते. फुकट दवाखान्यानं देश बुडाला, असं यातून कसं निघतं?

मधुमेहावर हसण्याची तर मला चीड येते. बेटाचा मधला बहुतेक भाग खणून प्रवाळखडकाचे सुळके उरलेत. माती गेली, केवड्याच्या जातीची फळझाडं गेली, मग ताटात आला बाहेरून येणारा डबाबंद माल आणि तांदूळ.

आळशीपणाचं म्हणाल, तर खाणीवर चीनमधून आणि शेजारच्या बेटांवरून मजूर आणायची पद्धत कंपनीनंच पाडली, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी. आणि "भीक"? मासेमारीच्या परवान्यांतून नौरूला मोठं उत्पन्न मिळतं. पगारावरचा प्राप्तिकर 2014 पासून सुरू झालाय. ऑस्ट्रेलिया देत असलेल्या पैशातला मोठा भाग, त्यांना नको असलेले आश्रयार्थी नौरूवर ठेवण्याचा मोबदला आहे.

आपल्या योजनांवर भाचीनं जरूर टीका करावी, आपल्या अर्थसंकल्पातले आकडे घेऊन. ते आकडे काढायला मी आज रात्री तिच्याबरोबर बसतोय.