वाकडी नळी

घरी बांधायला घेतलेल्या माझ्या दोन आसनी विमानाच्या कार्बोरेटरपर्यंत हवा नेणारी वाकडी नळी लातुरात, तीही भर मे महिन्यात, फायबरची करावी ही बुद्धी मला कोणी दिली ते आठवत नाही. थर्मोकोलचा साचा कोरायचा, त्यावर काचेच्या तंतूंचे कापड रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने चढवायचे आणि ते कडक झाले की आतला थर्मोकोल काढून टाकायचा, एवढेच काम. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या फोम-फायबरच्या ‘व्हेरीईझी’ विमानाने 1975 च्या मे महिन्यातच तिकडच्या मोजावेच्या वाळवंटात पहिले उड्डाण केले होते, मग लातूरच्या उन्हानेच काय घोडे मारले?

पहिल्या खेपेस काटकसर नडली. कूलरच्या टाक्या करणाऱ्याकडून स्वस्तातले पॉलिएस्टर रेझिन आणले आणि ब्रशचा पहिला हात फिरताच, तीन रात्री पॉलिश पेपरने घासलेला साचा बर्फाच्या गोळ्यासारखा खचला. त्या रेझिनमधले स्टायरीन थर्मोकोल खाते. महागडे इपॉक्सी रेझिन खात नाही.

दुसऱ्या खेपेस इपॉक्सी आणून, ते घट्ट करणारा हार्डनर काट्यावर मोजून, अर्धा लिटर मिश्रण भर दुपारी एकाच मगात कालवले. हे मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापते, खोल भांड्यात ती उष्णता कोंडते, आणि जितके तापेल तितके ते घाईने घट्ट होते. कापडाचा पहिला तुकडा उचलेपर्यंत मगातून धूर निघू लागला. आतून आईचा आवाज आला, “काय शिजवायलास रे बाबा? लई वंगाळ वास यायलाय.”

तिसऱ्या खेपेस पहाटे चारला उठलो. साच्यावर खाकी पॅकिंग टेप लावला, कारण इपॉक्सी त्याला चिकटत नाही. कापड 45 अंशांत तिरके कापले, कारण सरळ कापलेले वळणावर सुरकुत्या धरते. आणि पसरट ताटलीत थोडे थोडे मिश्रण कालवत ऊन चढण्याआधी चार थर बसवले. दुसऱ्या दिवशी काठ घासताना उडालेल्या काचेच्या भुकटीने ज्वारीच्या खळ्यावर लोळल्यासारखी खाज सुटली. शेजारचे काका नळी न्याहाळून म्हणाले, “तोंड लईच बारीक केलाव. ह्या कूलरनं घर गार व्हायचं न्हाई.”

अ‍ॅसिटोन ओतताच थर्मोकोल विरघळला, पण टेप नेमका वळणात चिकटून राहिला. उद्या तो सुटून कार्बोरेटरच्या तोंडावर बसला, तर इंजिनचा श्वास हवेतच कोंडेल. म्हणून टॉर्च दातांत धरून, सांडशी नळीत घालून बसलो आहे. वीतभर पट्टी निघाली, दुसरी अर्ध्यात तुटली, आणि चहा उकळून गेल्यामुळे आई दुसऱ्यांदा विचारते आहे की, सांडशी कुठं गेली.