रस्ता नंतर, आधी घर कुठे बांधताय ते सांगा

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येकजण अर्धा इंजिनिअर आणि पूर्ण कंत्राटदार होतो. २०११ पासून रखडत आलेल्या चौपदरीकरणाला शिव्या घालायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडतं. पण रस्ता कसा असावा यावर आपण जेवढं भांडतो, त्याच्या दहाव्या हिश्शानेही आपण घर कुठे बांधतो यावर बोलत नाही. आणि रोज किती फिरायचं, कशाने फिरायचं, घरातल्या कोणाला फिरता येणार आणि कोणी घरात बसायचं, हे सगळं जोत्याचा पहिला चिरा बसतो तेव्हाच ठरून जातं.

आपली सिंधुदुर्गातली गावं घाटावरच्या गावांसारखी एका जागी गोळा झालेली नाहीत. पाणी जिथे, भाताचा कुणगा (खाचर) जिथे, तिथे घर. चार घरं व्हाळाच्या (ओढ्याच्या) अल्याड, सहा टेंबावर (टेकाडावर), मध्ये साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. हे कोणी वेडेपणाने केलं नव्हतं. शेत दारात, विहीर परसात, देऊळ चालत, बाजार आठवड्यातून एकदा. मुंबईला जायचं तर देवगड, मालवण नाहीतर वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. रोज कुठे जायचंच नव्हतं, म्हणून विखुरलेलं घर परवडायचं. आता कुणगा तिथेच आहे, पगार मात्र कुडाळला आहे.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. रेल्वेला चढ झेपत नाही, खाड्यांच्या रुंद मुखांवर पूल बांधणंही सोपं नाही, त्यामुळे रूळ किनारा सोडून आतून गेले, तेही नव्वदहून जास्त बोगदे खणून. परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड ही जुनी बंदरं बाजूला पडली आणि कणकवली-कुडाळ फुगले, कारण महामार्ग आणि रूळ दोन्ही त्यांच्या अंगणातून गेले. सावंतवाडीचं स्टेशन मळगावला, राजापूरचं तर शहरापासून कितीतरी लांब. रात्री दोनला उतरणाऱ्या माणसाला विचारा: मुंबईहून इथवरचं जनरलचं तिकीट स्वस्त पडतं, स्टेशन ते वाडी रिक्षा महाग पडते.

चेझारे मार्केत्ती नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. माणूस पायी चालत होता तेव्हाही दिवसाला साधारण तासभर जाण्यायेण्यात घालवायचा, आणि मोटार आली तरी तासभरच घालवतो. वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, आणखी लांब राहायला जातो. सगळ्यांना हे लागू पडतं असं मी म्हणणार नाही (विरार-चर्चगेट करणारे माझे मेव्हणे हे वाचून हसतील), पण आमच्या सिंधुदुर्गात ते सरळ दिसतं. इथला चौपदरी रस्ता रायगड-रत्नागिरीच्या बराच आधी झाला. त्यानंतर लोकांनी ऑफिसजवळ खोली घेतली का? नाही. कणकवलीत राहून कुडाळात नोकरी आणि कुडाळात राहून कणकवलीत नोकरी, दोन्ही सुखाने चालू आहे.

ओरसचंच बघा. १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला, मग कुडाळ आणि कणकवलीच्या मधोमध, ओरसला, जिल्ह्याचं मुख्यालय म्हणून सिंधुदुर्गनगरी वसवली. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, सगळं एका ठिकाणी, रुंद रस्ते, आखीव प्लॉट. पण बऱ्याच कर्मचाऱ्यांनी संसार कुडाळ-कणकवलीतच ठेवला. मुलांची शाळा, बाजार, दवाखाना, बायकोची नोकरी हे सगळं तिकडे असेल तर का यावं ओरसला? कचेरी हलवता येते हो, बाजार हलवता येत नाही.

आता खरा मुद्दा, प्लॉटचा. हल्ली वाडीत कोणी घर बांधत नाही. "वाडीत कोण रवता आता? रस्त्याक लागान जागा गावली तर घे," हा सल्ला मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकला आहे. बरोबरच वाटतो. पण 'रस्त्याक लागान' म्हणजे कुठल्या रस्त्याला? तिठ्याजवळच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथल्या, जागेचा भाव ऐकून माणूस मागे फिरतो आणि दोन किलोमीटर आत, काजूच्या बागेत पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये घर घेतो. जाहिरातीत 'स्टेशनपासून १० मिनिटे' असतं. कशाने दहा मिनिटं, ते नसतं. म्हणजे वाडीचा विखुरलेपणा तसाच राहिला, आणि वाडीत जी चार माणसं हाकेच्या अंतरावर होती तीही गेली.

अशा वस्तीला एसटी काय करणार? इथे दोन माणसं, तिकडे एक, मग अर्धा किलोमीटर कोणीच नाही. बस भरायला माणसं एका थांब्यावर यावी लागतात. माणसं नसली की फेरी तोट्यात जाते, फेरी कमी झाली की लोक स्कूटर घेतात, स्कूटर घेतली की उरलेली माणसंही थांब्यावरून गेली. रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी वस्तीची गाडी कितीतरी गावांतून अशीच आटली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, चांगलंच झालं. पण तिकीट अर्धं असलं तरी गाडी अख्खी यावी लागते.

घरात दोन गाड्या असल्या तरी एक मुलगा घेऊन जातो, दुसरी सून. मागे राहते ती सासू. गुडघा दुखतोय म्हणून डॉक्टरकडे जायचं, तर ती कोणाच्या सुट्टीची वाट बघते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ८ लाख ६९ हजार होती, २०११ मध्ये सुमारे ८ लाख ५० हजार झाली. कमी झालेली माणसं कमावत्या वयाची. मागे उरलेल्यांत गाडी न चालवणारे जास्त, आणि आपण मात्र घरं बांधतोय ती गाडी असलेल्यांसाठी. विजेची स्कूटर घेतल्याने पेट्रोल वाचेल, अंगणात चार्जिंगही होईल. सासूला ती चालवता येणार आहे का?

मुंबईतसुद्धा आपल्या माणसांचं हेच झालं. लालबाग-परळच्या चाळीतून गिरणीत चालत जाणारा चाकरमानी १९८२ च्या संपानंतर हळूहळू दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला सरकला आणि आयुष्य लोकलच्या दारात लटकलं. त्याचं गावचं घर अकरा महिने बंद. पण त्या घरापर्यंत डांबर हवं, कारण गणपतीला गाडी दारात लागली पाहिजे. आपली वाहतुकीची सगळी चर्चा त्या पंधरा दिवसांची: जादा रेल्वे, जादा एसटी, टोलमाफी. उरलेल्या वर्षात सकाळी साडेसातला कॉलेजला निघणाऱ्या पोरीसाठी कोण आंदोलन करतं?

उद्या रेवस-रेडी सागरी महामार्ग होईल तेव्हा त्याच्याही दोन्ही बाजूंना प्लॉट पडतील, याबद्दल मला काडीची शंका नाही. म्हणून जागेला विसार देण्याआधी एक करा. जुलैतल्या एखाद्या सोमवारी, पाऊस असताना, स्वतःची गाडी न काढता त्या जागेवरून सकाळी दहाच्या आत कुडाळच्या दवाखान्यात पोचून दाखवा. नाही पोचलात तरी जागा हवी तर घ्या, पण मग आईवडिलांना तिथे ठेवून मुंबईला जाऊ नका.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. तिठ्यापासून चालत जाण्याच्या अंतरात भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्याला पंचायतीने घरपट्टीत सवलत द्यावी. आणि वाडी ते तिठा अशी ठरलेल्या वेळेची रिक्षा, सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन, सगळ्यांनी वर्गणी काढून ठेवावी. विरोध होणार, कारण प्लॉट विकणारे पुढच्याच बाकावर बसतात. ज्यांना पटतंय त्यांनी मागच्या बाकावर तरी बसा. चाकरमान्यांनी फोनवरून भांडलं तरी चालेल.